शंभर मीटरांचें अंतर

पहाटे फिरावयास जाण्याचें व्रत मनुष्य बहुधा दोन कारणांनीं घेतो. एक तर डॉक्टरांनीं भीति घातलेली असते, किंवा झोंपच आपण होऊन सोडून गेलेली असते. आमच्या बाबतींत हीं दोन्ही कारणें एकाच वर्षीं उपस्थित झालीं, आणि तेव्हांपासून नाशिकच्या इंदिरानगरांतील जॉगिंग ट्रॅकवर आमची हजेरी लागूं लागली. महामार्गाच्या बाजूनें गेलेली ही झाडांची वाट. एका अंगाला मालमोटारींचा अखंड घरघराट, दुसऱ्या अंगाला घरें, आणि दूर पांडवलेण्यांचा डोंगर. येथें पहाटे जीं माणसें जमतात त्यांत धांवणारीं थोडीं, चालणारीं पुष्कळ, आणि बोलणारीं सर्वच असतात. गुडघे, रक्तांतील साखर, मुलांचीं परदेशांतील घरें आणि नळाचें पाणी या चार विषयांच्या बाहेर आमचें संभाषण क्वचितच जातें.

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं एके दिवशीं आमच्या मागून पावलांचा एक आवाज आला. धांवणाऱ्यांच्या पावलांचा आवाज आमच्या कानांस परिचित होता. स्थूल गृहस्थांची धप्‌ धप्‌ आणि पोलीस भरतीसाठीं कसून मेहनत घेणाऱ्या तरुणांची ठरावीक ठेक्यांतली चाल, हीं आम्ही न पाहतां ओळखीत असूं. हा आवाज निराळा होता. टांच भुईला लागतच नसावी असा तो हलका, आणि इतका जलद कीं आम्ही बाजूस सरावें असा विचार मनांत येईपर्यंत आवाज करणारें माणूस पुढें निघूनहि गेलें होतें. आम्हांस दिसली ती दोन वेण्या घातलेली एक शाळकरी मुलगी. ती शेंसव्वाशें पावलें तशी गेली, थांबली, कमरेवर हात ठेवून परत चालत आली आणि पुन्हां तशीच धांवली. आमच्या मंडळींपैकीं एकानें साखरेचा विषय अर्ध्यावर सोडून दिला, यावरूनच त्या दृश्याचा प्रभाव वाचकांच्या ध्यानीं यावा.

ती मुलगी आमच्याच बाजूच्या गल्लींत राहणारी निघाली. वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस; आई घरीं शिवणकाम करणारी. मुलगी दहावींत. चार दिवसांनीं वडिलांनींच आम्हांस गांठलें आणि कांहीं पावलें बरोबर चालून, घसा खांकरून ते म्हणाले, "काका, तुम्ही जन्मभर मुलांना शिकवलंत, म्हणून विचारतो. शाळेतले सर म्हणतात, पोरीच्या पायांत वेग आहे, यंदाच्या शर्यतींना पाठवा, रोज मैदानावर सोडा. घरांत सगळे म्हणतात, यंदा दहावी. एकदां दहावी होऊं द्या, मग काय धांवायचं तें धांवेल. तुमचं काय मत?"

जन्मभर शिक्षकी केलेल्या माणसाला मत विचारलें असतां त्यानें तें ताबडतोब न देणें ही दुर्मिळ गोष्ट होय. आम्ही मात्र त्यांच्याकडे एक दिवसाची मुदत मागितली. त्यांस वाटलें, काका विचारी आहेत. खरें कारण असें होतें कीं, या प्रश्नाचें उत्तर आम्हीं एकदां देऊन टाकलेलें होतें, आणि तें तीस वर्षांपूर्वीं आमच्याच घरांत दिलें होतें.

आमची थोरली मुलगी १९९४ सालीं नववींत होती. शाळेच्या क्रीडामहोत्सवांत शंभर मीटरांच्या शर्यतींत ती पहिली आली. नुसती पहिली आली असें म्हणणें पुरेसें नाहीं. दुसरी मुलगी फितीपाशीं पोंचली तेव्हां आमची मुलगी परत फिरून तिला हात देण्यास उभी होती. दुसऱ्या दिवशीं खेळाचे शिक्षक आमच्या घरीं आले. आम्हीं त्यांस चहा दिला, बिस्किटें दिलीं, मुलीचें कौतुक ऐकून घेतलें, आणि अत्यंत सौजन्यानें सांगितलें, "पुढच्या वर्षीं दहावी आहे. ती होऊं द्या, मग पाहूं." ते सज्जन गृहस्थ चहा संपवून उठले. दारापाशीं ते किंचित्‌ थांबले होते. बहुधा मुलगी कांहीं बोलेल असें त्यांस वाटलें असावें. ती आंतल्या खोलींत होती. दहावी झाली, गुणहि उत्तम पडले. मग अकरावी सायन्स, बारावी, मग इंजिनियरिंग. 'मग पाहूं' यांतला 'मग' पुढें कधीं उगवलाच नाहीं. आणि तो उगवला नाहीं हें आमच्या ध्यानांतहि आलें नाहीं. आज ती पुण्यांत चांगल्या नोकरीवर आहे. तिनें कधीं तक्रार केली नाहीं. तक्रार न करणारीं मुलें आईबापांस फार सोयीचीं असतात.

दहाएक वर्षांपूर्वीं तिच्या मुलाच्या शाळेंत स्नेहसंमेलन होतें. मुलांचे खेळ झाल्यावर आयांची शर्यत पुकारली. बहुतेक आया हंसत, एकमेकींस ढकलीत रेषेवर उभ्या राहिल्या. आमच्या मुलीनें चपला काढल्या, ओढणी कमरेला घट्ट बांधली, आणि एक पाऊल मागें टाकून ती वांकली. तिचें तें वांकणें पाहून आमच्या पोटांत कांहीं तरी हललें. शिट्टी वाजली, पुढें काय झालें तें सांगावयास नकोच. बक्षीस म्हणून मिळालेला स्टीलचा डबा हातांत घेऊन, धापा टाकीत ती आमच्यापाशीं आली आणि म्हणाली, "बाबा, किती सेकंद लागले असतील हो?"

आम्ही म्हणालों, "घड्याळ लावलं नव्हतं गं."

ती हंसून म्हणाली, "तेव्हांहि लावलं नव्हतं."

एवढेंच. त्यांत रोष नव्हता, शल्य नव्हतें, निदान ऐकूं येण्यासारखें नव्हतें. परंतु तें वाक्य आमच्याबरोबर नाशिकास आलें आणि येथेंच राहिलें.

म्हणून त्या गृहस्थांस उत्तर देण्यापूर्वीं आम्हीं एक दिवस मागून घेतला. 'दहावीनंतर पाहूं' या वाक्यांत चूक नेमकी काय आहे, हें आम्हांस स्वतःशींच एकदां शोधून काढावयाचें होतें. कारण सकृद्दर्शनीं तें वाक्य मुळींच वाईट नाहीं. तें दुष्टांचें वाक्य नसून काळजी करणाऱ्यांचें वाक्य आहे. गणित आज शिकावें, चित्रकला उद्यां शिकली तरी चालेल; धांवणेंहि तसेंच कां न असावें?

आमच्या नाशिक जिल्ह्यापुरतें पाहिलें तर धांवणें खरोखरच थांबूं शकतें असें प्रथमदर्शनीं वाटतें. या जिल्ह्याची कीर्ति लांब पल्ल्याच्या धांवण्याची. हरसूलकडच्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावर जन्मलेली कविता राऊत अनवाणी धांवत धांवत पुढें आली; नाशिकांत विजेंद्र सिंग यांच्या हाताखालीं ती तयार झाली; आणि २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत १० हजार मीटरांच्या शर्यतींत तिनें कांस्यपदक मिळविलें. त्या स्पर्धांत धांवण्याच्या वैयक्तिक शर्यतींत पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षीं ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धांत तिला रौप्यपदक मिळालें. सुवर्ण मिळविणारी प्रीजा श्रीधरन तिच्यापुढें एका सेकंदाहूनहि कमी अंतरानें होती, आणि तेंहि सुमारें ३२ मिनिटें धांवल्यावर! तेव्हां कविता २५ वर्षांची होती. पुढें २०१६ सालीं गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धांत ती मॅरेथॉन जिंकली व त्याच वर्षीं रिओ ऑलिंपिकमध्यें धांवली; तेव्हां तिचें वय ३१ होतें. याच जिल्ह्यांतली मोनिका आथरे २०१७ सालीं लंडनच्या जागतिक स्पर्धेंत मॅरेथॉन धांवली. लांब पल्ल्याचें धांवणें हें अशा प्रकारें वडाच्या झाडासारखें आहे. तें सावकाश वाढतें, पंचविशींत पारंब्या धरतें, आणि त्याला डोंगर, कच्चा रस्ता व चिकाटी यांवांचून आरंभीं फारसें कांहीं लागत नाहीं.

शंभर मीटरांची गोष्ट अगदीं निराळी. या शर्यतींत सहनशीलतेला वेळच मिळत नाहीं. पिस्तुलाच्या आवाजानंतर एका सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आंत जो हलेल तो नियमानें दोषी ठरतो. कारण त्याहून लवकर मनुष्याचें शरीर ऐकून हलूंच शकत नाहीं, त्यानें अंदाजानें उडी घेतली असें धरलें जातें. मग पन्नास-साठ मीटरांपर्यंत वेग वाढवीत न्यावयाचा, शिखरावर कसाबसा टिकवावयाचा, आणि शेवटीं तो कमींत कमी घटूं द्यावयाचा. उसेन बोल्टनें २००९ सालीं बर्लिन येथें ९.५८ सेकंदांचा विक्रम केला. त्या शर्यतींतहि साठ ते ऐंशी मीटरांस त्याला १.६१ सेकंद लागले आणि अखेरच्या वीस मीटरांस १.६६. तोहि मंदावत होता. इतर त्याहून अधिक मंदावत होते, इतकेंच. हा वेग ज्या स्नायूंच्या तंतूंवर अवलंबून असतो ते जलद आकुंचन पावणारे तंतु कोणाच्या वांट्यास किती यावे हें बरेंचसें जन्मतःच ठरतें. शिक्षक ते पेरूं शकत नाहीं. त्याला शिकवितां येतें तें वांकणें, उठणें, गुडघा उचलणें, हात फेंकणें आणि सर्व अंग ताणलेलें असतां मान व जबडा सैल ठेवणें. हें शिकण्याचें उत्तम वय म्हणजे नेमकें आठवी-नववी-दहावीचें. पी. टी. उषा १९८० सालीं मॉस्को ऑलिंपिकमध्यें धांवली तेव्हां ती सोळा वर्षांची होती. चार वर्षांनीं लॉस एंजल्स येथें चारशें मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत तिचें कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानें हुकलें. जेथें हिशेब शंभराव्या भागाचा आहे तेथें दोन-तीन वर्षें 'मग पाहूं' म्हणून बाजूस ठेवणें म्हणजे काय, हें आम्हांस तीस वर्षांनीं उमगलें.

लहान पल्ल्याचें धांवणें आपल्या मातींत रुजतच नाहीं असेंहि नव्हे. १९५१ सालीं दिल्लीस पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या, त्यांत मुंबईच्या लॅव्ही पिंटोनें शंभर व दोनशें मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. शंभर मीटर १०.८ सेकंदांत. त्याच स्पर्धांत रोशन मिस्त्री या मुंबईच्या मुलीनें शंभर मीटरांत रौप्यपदक मिळविलें, आणि मुंबईचीच मेरी डिसूझा पुढल्या वर्षीं हेलसिंकी ऑलिंपिकमध्यें धांवली. अगदीं अलीकडे, २०१९ च्या मार्च महिन्यांत, पुण्याच्या अवंतिका नराळेनें हाँगकाँग येथें आशियाई युवा स्पर्धेंत शंभर मीटरांचें सुवर्णपदक ११.९७ सेकंदांत घेतलें. तेव्हां ती शाळकरी वयाचीच होती. २०२२ सालीं पंचकुला येथें 'खेलो इंडिया' युवा स्पर्धांत सातारा जिल्ह्यांतील सुदेष्णा शिवणकर शंभर व दोनशें मीटरांत पहिली आली. वेग हा कांहीं कोणा एका जातीचा किंवा देशाचा वतनी हक्क नव्हे. तो कोठेंहि जन्मतो. मात्र तो जन्मला आहे हें कोणाच्या तरी ध्यानीं यावें लागतें.

उलट बाजूहि आम्हीं स्वतःपुढें मांडली, कारण दुसऱ्याच्या मुलीविषयीं निर्णय देतांना उत्साह हा सल्लागार धोक्याचा. सोळाव्या वर्षीं चमकलेलीं किती तरी मुलें विसाव्या वर्षीं दिसेनाशीं होतात. कोणाची उंची आधीं वाढलेली असते, म्हणून तीं काहीं काळ पुढें दिसतात आणि बरोबरीचीं मोठीं झालीं कीं मागें पडतात. मांडीचा मागचा स्नायु एकदां दुखावला कीं पुन्हां पुन्हां दुखावतो. आणि मुलींच्या बाबतींत तर शरीरच मध्यंतरीं निराळें रूप घेतें. त्या वर्ष-दोन वर्षांत घड्याळाचा आंकडा हट्टानें तेथेंच बसून राहतो, आणि तें न समजणारे पालक व शिक्षक मुलीलाच आळशी ठरवितात. तेव्हां 'ही मुलगी मोठी धांवपटु होईल' असें आश्वासन देण्यास आम्ही मुळींच तयार नव्हतों. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं पांच टक्के जागा असतात, परीक्षेंत वाढीव गुणांची सवलत असते, हें सर्व सांगतां आलें असतें. पण लांच देऊन मन वळविल्यासारखें तें आम्हांस वाटलें. शिवाय, तीं आमिषें फळलीं नाहींत तर धांवणेंच खोटें ठरावें, हेंहि बरें नव्हे.

मग सांगावें तरी काय? त्या रात्रीं आम्हांस एक जुनी हकीकत आठवली. १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती सर दोराबजी टाटा यांनीं पाहिल्या. खेड्यापाड्यांतून आलेले, अनवाणी धांवणारे, शास्त्रशुद्ध शिक्षणाचा गंधहि नसलेले ते गडी. दोराबजींनीं त्यांच्या वेळा युरोपांतील वेळांशीं ताडून पाहिल्या, आणि त्या फारशा मागें नाहींत असें त्यांस आढळलें. त्यांतूनच १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकला चार धांवपटु व दोन मल्ल असा भारताचा छोटा संघ गेला. बेळगांवचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें एकोणिसावा आला. आम्हांस या हकीकतींत मोठी वाटली ती देणगी नव्हे, समुद्रप्रवास नव्हे. मोठें वाटलें तें हें कीं, कोणीं तरी घड्याळ लावलें होतें! त्या गड्यांच्या गांवीं ते वेगवान आहेत हें सर्वांस ठाऊक असेलच. परंतु 'वेगवान' हें विशेषण आहे, आणि विशेषण गांवाबाहेर जात नाहीं. आंकडा मात्र अँटवर्पपर्यंत जाऊं शकतो.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या गृहस्थांस सांगितलें, "अहो, मत द्यायला मी अधिकारी नाहीं. माझ्या हातून एकदां चूक झालेली आहे. पण एक करूं. पोरीला आधीं मोजूं. आपण काय नाकारतों आहोंत किंवा काय स्वीकारतों आहोंत, तें निदान आंकड्यांत कळूं द्या. मग तुम्ही आणि वहिनी ठरवा. आणि तिलाहि विचारा. माझ्या घरांत तेवढंच राहून गेलं."

रविवारीं ते बांधकामावरची तीस मीटरांची टेप घेऊन आले. तीन वेळां पूर्ण आणि चौथ्यांदा दहा मीटर, असे वाटेच्या सरळ भागांत शंभर मीटर मोजून आम्हीं दोन्ही टोंकांस चुन्याच्या रेघा मारल्या. आमच्या चालणाऱ्या मंडळींनीं या कामीं बहुमोल सूचना केल्या व मदत मुळींच केली नाहीं. घड्याळ आमच्या हातांत आणि आम्ही शेवटच्या रेषेवर. आतां सुटण्याची खूण कशी करावी? वडील म्हणाले, टाळी वाजवितों. परंतु ध्वनीला शंभर मीटर यावयास सुमारें ०.२९ सेकंद लागतो. टाळी ऐकून घड्याळ दाबलें तर तेवढा वेळ मुलीच्या खात्यांतून उगीच कमी व्हावयाचा. म्हणून शर्यतींतले पंचहि पिस्तुलाचा आवाज न ऐकतां त्याचा धूर पाहून घड्याळ सुरू करीत. आमच्यापाशीं धूर नव्हता; पांढरा हातरुमाल होता. वडिलांनीं तो उंच धरला आणि झटक्यानें खालीं आणला.

पहिल्या दिवशीं घड्याळ १३.६ सेकंद दाखवून थांबलें. साधे कॅनव्हासचे बूट, मुरुमाची वाट, उभ्यानें घेतलेला आरंभ. हाताच्या घड्याळांत बोटाची चूक मिसळलेली असते, म्हणून विजेच्या घड्याळाशीं तुलना करितांना त्यांत ०.२४ मिळवावे असा संकेत आहे. तो आम्हीं प्रामाणिकपणें मिळविला. तरीहि शाळेच्या सरांनीं तो आंकडा ऐकला तेव्हां ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "बूट घ्यावे लागतील." खिळ्यांचे बूट आले. ते घेण्यासाठीं आईनें कोणाच्या तरी लग्नाचीं सहा पोलकीं रात्रीं जागून शिवलीं, हें आम्हांस मागाहून कळलें. तिची अट एकच होती: पहाटेचा दीड तास धांवण्याचा, रात्रीचे तीन तास पुस्तकांचे, आणि दोहोंतला एकहि चुकला तर दुसरा बंद.

पुढचे चार महिने आम्हीं जें पाहिलें तें सांगण्यास आमच्यापाशीं पुरेसे शब्द नाहींत. शिवाय त्यांत नाट्य असें कांहींच नव्हतें. सर तिला पहिल्या दहा पावलांपलीकडे दिवसचे दिवस जाऊंच देत नसत. मग कधीं तीस मीटर, कधीं लेण्यांच्या पायऱ्या, कधीं नुसतेंच हात हलवीत उभें राहणें. शनिवारीं मात्र रुमाल पडे आणि आंकडा वहींत लिहिला जाई. १३.५. १३.५. १३.६. त्या तिसऱ्या आंकड्याच्या दिवशीं ती रडली. मग १३.३. श्रावण संपतां संपतां १३.१. रेषेवर ठेवावयाच्या लोखंडी ठोकळ्यांवरून सुटण्याचा सराव झाला, आणि एके शनिवारीं घड्याळ बारावर थांबलें. पुढें नऊ होते हें खरें, पण आरंभीं बारा होते. आमच्या मंडळींनीं त्या दिवशीं गुडघ्यांचा विषय काढला नाहीं. जे गृहस्थ आयुष्यांत कधीं सामना पाहावयास गेले नव्हते ते 'बारा-नऊ' हा शब्द एखाद्या मंत्रासारखा उच्चारूं लागले.

शहरपातळीवरील शालेय स्पर्धेंत सतरा वर्षांखालच्या मुलींत ती पहिली आली. विभागीय स्पर्धेस आम्ही सारे गेलों. साठ मीटरांपर्यंत ती पुढें होती. मग उजव्या बाजूनें एक उंच, सावळी मुलगी आली, डावीकडून दुसरी आली. तिघींचीं डोकीं एका ओळींत दिसलीं आणि सर्व संपलें. ती तिसरी ठरली. राज्यपातळीचें दार यंदापुरतें मिटलें. आमची मान खालीं गेली. मनांत एक भित्रा, जुना आवाज म्हणालाहि, 'पाहा, दहावीच बरी होती.' तोंच ती आमच्यापुढें येऊन उभी राहिली. छाती भात्यासारखी हालत होती, डोळे कोरडे होते. तिनें पहिली आली कोण तें विचारलें नाहीं, आपण हरलों असेंहि म्हटलें नाहीं. तिनें विचारलें, "आजोबा, किती?"

घड्याळ आमच्या हातांत होतें. आम्हीं तें तिच्यापुढें धरलें. १२.८. आजवर ती याहून जलद धांवली नव्हती. तिनें तो आंकडा वाचला, मान हालविली, आणि बूट सोडावयास ती खालीं बसली. परततांना वडील बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "काका, दहावीनंतर पाहूं असं नाहीं आतां. दहावी पण पाहूं, हें पण पाहूं."

दिवाळींत आमची मुलगी पुण्याहून आली. आम्ही घरीं या विषयाची बढाई मारलेली असल्यामुळें तिला ती धांवणारी मुलगी पाहावयाची होती. पहाटे आम्ही तिघें बापलेक-नातू ट्रॅकवर गेलों. चुन्याच्या रेघा आतां तेथें कायमच्या झाल्या आहेत. कोण रंगवितें ठाऊक नाहीं. दोघींची ओळख झाली. मुलीनें आपले बूट, ठोकळे, आंकड्यांची वही सर्व दाखविलें. आमची मुलगी वही पुष्कळ वेळ चाळीत राहिली. मग तिनें चपला काढल्या व म्हणाली, "बाबा, घड्याळ आहे ना?"

पंचेचाळिशीच्या बाईनें असें करावें काय, स्नायु दुखावला तर काय, असे प्रश्न ओठांवर आले. ते आम्हीं गिळले. तशा प्रश्नांचा आमचा वांटा आम्ही पूर्वींच वापरून बसलों आहोंत. त्या शाळकरी मुलीनें पलीकडच्या टोंकाला जाऊन रुमाल उंच धरला. आमची मुलगी वांकली. एक पाऊल मागें, एक हात पुढें, अगदीं तशीच. रुमाल पडला. आम्हीं घड्याळ दाबलें, आणि या खेपेस डोळे मिटले नाहींत.

तिला किती सेकंद लागले तें आम्ही येथें लिहीत नाहीं. तो आंकडा तिचा आहे. ती वांकून, गुडघ्यांवर हात टेंकून उभी होती. आम्हीं तिला घड्याळ दिलें. तिनें तें पाहिलें आणि आपल्या मुलाला म्हणाली, "वहींत लिही. तारीखहि घाल."